खंजिरीला किती माइक लागतात?

पहाटे साडेचार

फाल्गुनात वाशीमला पंखा लागतो तो सकाळी नऊनंतर. म्हणून होळीच्या आधीचे दिवस आमच्या धंद्यात महत्त्वाचे. एकदा चैत्रात कूलर सुरू झाले, की घरच्या स्टुडिओत काही खरं नाही. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये शिरते, बंद ठेवला तर गाणाऱ्याच्या घामाचे थेंब पेटीच्या पट्ट्यांवर पडतात. लग्नसराईत मी साउंड सर्व्हिस चालवतो. उरलेल्या दिवसांत घराच्या मागच्या दहा बाय बाराच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. स्टुडिओ हा शब्द जरा मोठाच झाला. मुलं म्हणतात म्हणून मीही म्हणतो.

दिवसाचं पहिलं काम म्हणजे रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग. माइक लावायचा, सगळ्यांनी बाहेर जायचं, मिनिटभर काहीच नाही ते टिपायचं आणि मग हेडफोनमध्ये मोठ्यानं ऐकायचं. शांत वाटणाऱ्या घरात किती जण बोलत असतात ते तेव्हा कळतं. फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, शेजारच्या बोअरची मोटर. एकेक बंद करत जायचं. मोटर आपल्या हातात नसते, म्हणून शेजारच्या काकूंना आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागतं, की सातच्या आधी टाकी भरून घ्या.

आज या सगळ्याच्या खाली एक सपाट 'हूंऽऽ' आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती तारांतून डोकावली की असाच सूर लागतो, सोबत त्याची दुप्पट, म्हणजे शंभरही. लॅपटॉपचा चार्जर काढला तर गुणगुण अर्धी झाली. उरलेली अर्धी अर्थिंगची. मागच्या अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप आहे. पावसाळ्यात तो उत्तम काम करतो, फाल्गुनात भोवतीची माती कोरडी पडली की विजेला जमिनीत जायला वाट नीट मिळत नाही. दोन बादल्या पाणी ओतलं. अर्ध्या तासानं पुन्हा मिनिटभर रेकॉर्ड केलं, तर सूर गेलेला. लोक यासाठी महागड्या केबल मागवतात.

अकोला–पूर्णा लाइनवरच्या गाडीचा भोंगा मात्र कुणाच्या सांगण्यानं थांबत नाही. तो आला की सगळ्यांनी हात वर करायचे आणि ओळ पुन्हा घ्यायची, असा आमचा ठराव आहे.

साडेपाच

आता गाद्या. कापसाच्या चार गाद्या मी भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या करतो. मागे बांबूचा साधा सांगाडा आहे. भिंतीला चिकटवलेली गादी आणि भिंतीपासून वीतभर सोडलेली गादी यांत मोठा फरक पडतो. आवाज लाटांनी चालतो. भिंतीपाशी हवा हलतच नाही, तिचा वेग सर्वांत जास्त असतो तो भिंतीपासून पाव लाटेच्या अंतरावर, आणि कापूस हलणाऱ्या हवेलाच अडवतो. हजार हर्ट्झच्या सुराची लाट ३४ सेंटिमीटरची, म्हणजे तिचा पाव भाग साडेआठ. हा सूर गादीत मरतो. शंभर हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची, तिचा पाव भाग पाऊण मीटरच्याही वर. तबल्याच्या डग्ग्याचा तो घुमारा गादीच्या आरपार जाऊन भिंतीवर आपटून परत येतो.

म्हणून ज्यांनी चारही भिंतींना पातळ फोम चिकटवून घेतला, त्यांच्या खोलीत माणूस पडशानं दाटलेल्या नाकानं बोलल्यासारखा वाटतो. वरचे सूर मेले, खालचे तसेच राहिले. अंड्यांचे ट्रे लावणं तर नुसती सजावट झाली. खालच्या सुरांसाठी जाडी लागते. मी दोन कोपऱ्यांत पोत्यांत कापूस सैलसर भरून जमिनीपासून डोक्याच्या वर येईल इतका रचून ठेवला आहे. वऱ्हाडात राहून कापसासाठी बाहेरून विलायती पॅनेल मागवायचं मला पटत नाही. एवढं मात्र सांगतो, की कापसाच्या आसपास वायरचा जोड, बोर्ड, उदबत्ती काहीही ठेवू नका.

नवी खोली निवडायला वाव असेल तर चौरस खोली टाळावी. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा एक सूर आणि त्याची दुप्पट, तिप्पट असे सूर आपोआप फुगतात. दुसरी जोडीही दहाच फुटांची असेल तर तेच सूर दुप्पट जोरानं फुगतात. पेटीवर एखादा मंद्रातला स्वर अचानक मोठा वाजतो असं वाटलं, तर पेटीवाल्याला बोलण्याआधी टेप घेऊन भिंती मोजाव्यात.

पावणेसात

मालेगाव तालुक्यातलं खंजिरी भजन मंडळ आलं. आठ जण, एका टाटा मॅजिकमधून. मंडळाचे बुवा साठीचे; खंजिरी तेच वाजवतात आणि मुख्य गातातही तेच. एक पेटी, एक ढोलकी, एक टाळ, बाकी चौघे मागे झील धरणारे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना (१९०९–१९६८) जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वऱ्हाडात त्यांच्या परंपरेतली खंजिरीची भजनं आणि या भजनांच्या स्पर्धा गावोगाव जिवंत आहेत. या मंडळाला स्पर्धेच्या आधी तीन भजनं रेकॉर्ड करून हवी आहेत. एक यूट्यूबला जाणार.

खाली बसता बसता बुवांनी माझा ऑडिओ इंटरफेस पाहिला. पुस्तकाएवढी लाल डबी, पुढे दोन भोकं.

"भाऊ, आमी आठ जन. आन इथं तं दोनच भोकं हायेत."

प्रश्न अगदी बरोबर आहे. यंत्र विकत घेताना सगळ्यांनी स्वतःला विचारायला हवा तो हाच. मात्र याचं उत्तर आठ भोकांचं यंत्र हे नव्हे.

इंटरफेस म्हणजे माइकचा बारीक विद्युतप्रवाह मोठा करून त्याचे आकडे बनवणारं आणि ते यूएसबीनं संगणकात पाठवणारं यंत्र. दोन माइकचं घेतलं तर काही हजारांत काम होतं, आठ माइकचं घेतलं तर किंमत कितीतरी पट. आणि आठ माइक, आठ केबल, आठ स्टँड यांचा खर्च वेगळाच. सिनेमाचं गाणं असेल तर एकेक वाद्य वेगवेगळं टिपून नंतर जोडता येतं, तिथे दोन भोकं पुरतात. भजनाचं तसं नाही. बुवा ओळ टाकतात, ती संपायच्या आत झीलवाले उचलतात. खंजिरीचा हात आणि झीलवाल्यांचा श्वास एकमेकांकडे बघून चालतो. कुणालाही दुसऱ्या दिवशी येऊन हेडफोनवर आपला वाटा गाऊन जा म्हटलं, तर गाणं कागदावरचं होऊन बसतं. मंडळानं एकत्रच गायला हवं.

मग आठांना आठ माइक जवळ लावायचे का? दहा बाय बारात ते जमतच नाही. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोचतो आणि दोन्ही मिसळले की आवाज पोकळ होतो. आमच्यात एक जुना हिशोब आहे. माइक गाणाऱ्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावं. एक फुटावर माइक ठेवला तर शेजारचा तीन फुटांवर. आठ माणसांना तेवढी जागा द्यायची तर मंडळ अंगणात बसवावं लागेल.

म्हणून मी दोन माइक वापरतो आणि माणसं हलवतो. एक कंडेन्सर माइक मंडळासमोर साडेपाच-सहा फुटांवर, बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा थोडा वर, खाली झुकलेला. मंडळ अर्धवर्तुळात. झील मागे, पेटी डावीकडे पण तिची भात्याची बाजू माइकपासून फिरवलेली, ढोलकी मागच्या कोपऱ्यात गादीजवळ, टाळ सर्वांत मागे. दुसरा माइक डायनॅमिक, बुवांच्या तोंडापासून वीतभर. या दुसऱ्यासाठी माझ्याकडे शुअरचा एसएम ५८ आहे. १९६६ पासून तो बनतो आहे आणि कीर्तनाच्या मंडपापासून परदेशी रंगमंचापर्यंत तोच दिसतो, कारण तो समोरचंच ऐकतो, बाजूचं कमी ऐकतो आणि पडला तरी चालतो. कंडेन्सर जास्त बारीक ऐकतो, पण त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो आणि वाईट खोली तो चांगल्या खोलीइतक्याच निष्ठेनं टिपतो.

खरी परीक्षा खंजिरीची. तिच्या झांजेचा ठोका क्षणभराचा, पण टोकदार. हाताच्या अंतरावर कंडेन्सर ठेवला तर प्रत्येक ठोक्याला पडद्यावरची पातळीची पट्टी लाल होते आणि आवाज फाटतो. बुवांनी खंजिरी छातीपासून जरा डावीकडे धरली आणि झांजांची कड माइककडे न करता छताकडे केली, एवढ्यानं सगळं निवळलं. दोन वेळा बसण्याच्या जागा बदलल्या. टाळवाल्याला दारापर्यंत मागे नेलं, तेव्हा तो म्हणाला, "आता मले बाहीरच पाठवा ना." त्याचा टाळ तिथूनच सर्वांत गोड आला.

पातळी मी मुद्दाम कमी ठेवतो. शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास, शून्याच्या बरंच खाली. पूर्वी कॅसेटवर टेपची सरसर झाकायला पातळी चढवावी लागे. सीडीच्या १६ बिटमध्ये मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान आवाजात ९६ डेसिबलची जागा असते, २४ बिटमध्ये हिशोबानं १४४. एवढी जागा असताना काठावर कशाला चालायचं? भजन तिसऱ्या कडव्यानंतर चढतं, बुवा आवेशात येतात, हे धरूनच चालायला हवं.

साडेनऊ

तीनही भजनं झाली. मंडळी बाहेर आलुपोहे खातात, मी फाइली दोन जागी उतरवतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर जागा घेतो. दोन ट्रॅकचं तासाचं काम एक जीबीच्या आसपास. पेन ड्राइव्हवर एक प्रत मंडळ गावाला नेतं. माझा लॅपटॉप उद्या बंद पडला तरी बुवांचा आवाज गावात असेल.

मंडळातला एक तरुण शेजारी येऊन बसला. त्याला पडद्यावरच्या चौकटी हव्या आहेत. त्यानं मोबाईलवर पाहिलंय, की आधी ताल चौकटीत भरायचा, मग त्यावर गायचं. मी त्याला आत्ताच्या भजनाची लय मोजून दाखवली. सुरुवातीपेक्षा शेवटची लय स्पष्टच जलद आहे, आणि ती चढण प्रत्येक कडव्यागणिक आहे. खंजिरीचं भजन असंच चढतं, ती चूक नव्हे. मेट्रोनोमची टिकटिक कानात घालून बुवांना गायला लावलं तर शेवटच्या कडव्यात ते टिकटिकीशी भांडत बसतील.

सॉफ्टवेअर निवडताना मी हेच बघतो. एफएल स्टुडिओसारखी सॉफ्टवेअर चौकटींतून गाणं उभं करायला बनलेली. डीजेचं गाणं, रॅप, लग्नाचं रिमिक्स करणाऱ्या पोरांसाठी ती झकास. भजन, बंजाऱ्यांची लेंगी, पोवाडा, कीर्तन असं सलग गाणं टिपायचं असेल तर सरळ टेपसारखं चालणारं सॉफ्टवेअर बरं. मी रीपर वापरतो. एकेकाळी गाणी ऐकायला सगळे वापरत त्या विनॅम्पचे कर्ते जस्टिन फ्रँकेल यांनीच ते बनवलं. साठ दिवस पूर्ण चालवून बघता येतं, नंतर घरगुती परवाना साठ डॉलरचा. साधा लॅपटॉपही ते ओढतो. लिनक्स वापरणाऱ्याला आर्डोर आहे, मॅकवाल्याला गॅरेजबँड फुकट मिळतं. ऑडॅसिटी २००० सालापासून मोफत आहे, आणि एका माइकवर बोलणं टिपायला किंवा जुनी कॅसेट उतरवायला मी आजही तेच उघडतो. अनेक ट्रॅक एकत्र चालवताना मात्र त्यात अवघडतं.

चोरीचं सॉफ्टवेअर मी घरात येऊ देत नाही. यात सोवळं काही नाही. क्रॅक टाकलेला लॅपटॉप रेकॉर्डिंगच्या मधोमध स्वतःचीच कामं करत बसतो, आणि आठ माणसं मॅजिकनं परत बोलवायचा खर्च साठ डॉलरपेक्षा मोठा असतो.

साडेअकरा

रिसोडहून एक मुलगा आला. बारावी झालेला, गळा चांगला, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि मराठी दोन्हींत गातो. सोबत पिशवीत 'स्टुडिओ सेट'. ऑनलाइन मागवलेला मोठा काळा माइक, कैचीसारखा वाकणारा स्टँड, जाळी, आणि एक रंगीत दिव्यांची पेटी, जिच्यावर टाळ्यांचं, हसण्याचं आणि बंदुकीचं बटण आहे.

"दादा, माइक मोठा हाय पन आवाज लहानच येऊन राह्यला. काऊन?"

पेटीतून माइकला पुरेसा पुरवठाच होत नव्हता, आणि पेटीचा सरसर आवाज त्याच्या गाण्याइतकाच मोठा होता. मी बंदुकीचं बटण दाबलं. ते उत्तम चालत होतं.

त्याच्याकडे पंचवीस हजार आहेत. सोयाबीनचे, म्हणजे वडलांचे. त्याला आधी लॅपटॉप घ्यायचा आहे, गेमिंगचा. मी कागद घेतला. आहे तो लॅपटॉप पाहिला: आय-थ्री, आठ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. गाणं टिपायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, उलट त्याचा पंखा माइकला ऐकू येतो. हार्डडिस्क काढून दोन-तीन हजारांची एसएसडी टाकली की हाच लॅपटॉप दहा-बारा ट्रॅक सहज चालवेल. संगणकाचा खर्च तिथे संपला.

पुढची ओळ इंटरफेसची. पाच-सहा हजारांपासून पंधरा-सतरा हजारांपर्यंत दोन माइकची चांगली यंत्रं मिळतात: बेरिंजर, फोकसराइट, ऑडिएंट. मी त्याला तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. ४८ व्होल्टचा पुरवठा आहे का? कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर आहे का? आणि माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला देणारं बटण आहे का?

दुसऱ्या प्रश्नाशी तो अडला. असिओ म्हणजे स्टाइनबर्ग कंपनीनं नव्वदच्या दशकात काढलेली वाट. विंडोजचे मधले दरवाजे टाळून सॉफ्टवेअर थेट यंत्राशी बोलतं. ती नसेल तर काय होतं हे सांगण्यापेक्षा दाखवलं. त्याच्याच लॅपटॉपच्या साध्या साउंड कार्डवर त्याला हेडफोन लावून गायला सांगितलं. दुसऱ्याच शब्दाला तो अडखळला, स्वतःचाच आवाज मागून येत होता. मग माझ्या यंत्रावर बफर, म्हणजे संगणक आवाजाचा एका वेळी घेतो तो घास, १२८ नमुन्यांचा ठेवला. ४४.१ किलोहर्ट्झला तो तीन मिलिसेकंदांहूनही कमी. येणं-जाणं आणि यंत्राचा स्वतःचा वेळ धरूनही दहाच्या आसपास. आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंद उशीर हा साडेतीन मीटर लांब बसलेल्या टाळकऱ्याला ऐकण्याइतका. सभामंडपात आपण रोज त्याहून लांबचं ऐकून ठेका धरतो. बफर १०२४ केला की नुसते तेवीस मिलिसेकंद एका वाटेचे, तिथे गळा गोंधळतो. गाताना बफर लहान, मिक्सिंग करताना मोठा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि ब्लूटूथचे हेडफोन घरी ठेव, असंही सांगितलं. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा. रस्त्यानं गाणी ऐकायला ठीक, गायला नाही. तारेचे, कान पूर्ण झाकणारे घे, म्हणजे बाहेरचा ठेका माइकमध्ये गळणार नाही.

माइकवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. त्याची खोली टिनाच्या छताची, शेजारी पिठाची गिरणी. त्या खोलीत कंडेन्सर नेला तर गिरणीचंच भजन होईल. डायनॅमिक माइक घे, तोंडाजवळ धर. मात्र तो ओळखीच्या दुकानातून, पावतीसह. शुअरच्या माइकची नक्कल इतकी होते, की डबीपासून आतल्या कागदापर्यंत सगळं जुळतं, फक्त आवाज जुळत नाही. निम्म्या किमतीला मिळतोय म्हटल्यावर तो तो नव्हेच. परवडत नसेल तर दोन-तीन हजारांतला साधा डायनॅमिकही चांगला, तो निदान दुसऱ्याचं नाव लावत नाही.

यूएसबी माइकचं काय, त्यानं विचारलं. एकट्यानं बोलायला, शिकवणीचे व्हिडिओ करायला उत्तम, एक वायर लावली की काम सुरू. पण उद्या ढोलकीवाला मित्र आला आणि दुसरा यूएसबी माइक लावला, तर दोघांची घड्याळं वेगळी. दोन्हींतल्या स्फटिकांचा बारीक फरक तासाभरात सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त साठू शकतो. सुरुवातीला जुळलेलं गाणं शेवटी सुटं पडतं. मोबाईल आणि लॅपटॉप वेगवेगळे लावून रेकॉर्ड करणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, आणि ते ढोलकीवाल्याला दोष देतात.

हिशोब बेरजेला लागला तेव्हा साडेचार-पाच हजार उरले. त्यातून दोन जाड गाद्या, एक स्टँड, एक चांगली केबल. तो म्हणाला, गाद्या तर घरी आहेत. मग म्हटलं, उरलेले वडलांना परत दे.

दुपारी दोन

वाफ अंगावर येते. लाइट गेली आहे. जेवून आडवा झालो. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, रेकॉर्डिंग नाही. माझा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा, माइकमध्ये भुणभुण करतो. ज्यांना आज नवा घ्यायचा आहे त्यांनी शुद्ध साइन लाटेचाच घ्यावा. लॅपटॉपच्या बॅटरीवर सकाळचं भजन मिक्स करायला घेतलं.

बुवांची पेटी आजच्या कीबोर्डच्या पट्टीपेक्षा किंचित चढी आहे. जुन्या पेट्या अशाच असतात. त्यांना मागे बासरीचा एक तुकडा हवा होता, तो कीबोर्डवरून. इथे बुवांचा गळा सॉफ्टवेअरनं खाली ओढायचा नसतो. कीबोर्डची पट्टी पेटीइतकी चढवायची, ते एका आकड्याचं काम आहे. गळा ओढणारं सॉफ्टवेअर मींडेच्या मधल्या जागाही 'दुरुस्त' करतं आणि मग भजन मोबाईलच्या रिंगटोनसारखं लागतं.

बाकी थोडंच. बुवांच्या माइकचे ऐंशी हर्ट्झच्या खालचे सूर कापले, झांजा जिथे टोचतात तिथे थोडं दाबलं. आवाज खूप मोठा करायचा हट्ट मी सोडून दिला आहे. यूट्यूब आवाजाचा जोर एलयूएफएस या मापात मोजतं आणि उणे १४ च्या वर गेलेलं गाणं खाली आणतं. ओरडवून पाठवलेलं भजन तिथे लहानच वाजतं, वर झिजलेलंही असतं.

साडेतीन

मंगरूळपीरवरून मानोऱ्याच्या रस्त्याला. मागे एक बॅग: लॅपटॉप, इंटरफेस, दोन माइक, वारा अडवायला माइकच्या केसाळ टोप्या.

सहा

पोहरादेवीच्या पुढच्या एका तांड्यावर लेंगी टिपायची आहे. पोहरादेवी संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, देशभरच्या बंजाऱ्यांची काशी. तिथेच बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, त्याचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला झालं. आतला वारसा काचेमागे आहे. तांड्यावरचा अजून होळीला डफ घेऊन बाहेर येतो.

तांड्याच्या नायकाच्या घरासमोरच्या पटांगणात पुरुष गोल करून उभे राहिले, बायका दुसऱ्या बाजूला. लेंगी म्हणजे नाचत गायचं. माणूस चालतो, वळतो, डफ वर जातो, खाली येतो. इथे एकेकाला माइक लावायचा प्रश्नच नाही. दोन कंडेन्सर एकाच स्टँडवर, तोंडं डावी-उजवीकडे फिरवून, साधारण नव्वद अंशांत. गोल फिरणारा माणूस हेडफोनमध्येही डावीकडून उजवीकडे जातो, आणि दोन्ही माइक एकाच जागी असल्यामुळे आवाज पोकळ होत नाही. उघड्या मैदानात भिंतीच नाहीत, म्हणून गाद्यांची गरज नाही. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे गुणगुणही नाही. आमच्या जिल्ह्यातला सर्वांत चांगला स्टुडिओ हा आहे आणि त्याचं भाडं चहा.

एक म्हातारी याडी (आई) माइककडे बघून गप्प झाली. स्टँड चार पावलं मागे नेला, माइकची टोपी काढून तिच्या हातात दिली. केसाळ टोपी बघून ती हसली, आणि गायला लागली. मागे बकऱ्या, एक मोटरसायकल, पोरांचा कल्ला. मी काही कापणार नाही. जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव जाऊनच उभा केला. तिथे ओवी मोलाची, शांतता नव्हे. असं गाणं टिपताना गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि बोली ही माहिती माइकमध्ये बोलूनच नोंदवून घ्यावी. फाइलचं नाव पुढे कुणीही बदलतं, आवाजातलं नाव राहतं. आणि कुठे टाकायचं, टाकायचं की नाही, हे गाणाऱ्याला विचारूनच.

रात्री साडेदहा

घरी परत. आजच्या फाइली उतरवल्या, दुसऱ्या डिस्कवरही घातल्या.

आता दिवसातलं शेवटचं काम, आणि पैसे न मिळणारं. कारंज्याकडच्या एका घरातून कॅसेटची एक पेटी आली आहे, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गावच्या भजनांची. डेकची लाइन-आउट इंटरफेसच्या मागच्या इनपुटला. डेकचं डोकं स्पिरिटनं पुसलं, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवून परत आणली म्हणजे टेपचा ताण सैल होतो. मग प्ले, आणि ऑडॅसिटीत लाल बटण. इथे घाई चालत नाही, टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच चालणार. वरची टेपची सरसर मी आज काढत नाही. आधी जशीच्या तशी २४ बिटमध्ये एक प्रत, सफाई नंतर, वेगळ्या प्रतीवर.

या टेपांवरचा लोहाचा थर सुटत चालला आहे. काही कॅसेटच्या खिडकीत तपकिरी भुकटी दिसते. वाशीम, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा भागात ज्यांच्या माळ्यावर भजनाच्या, लेंगीच्या, आजीच्या आवाजाच्या कॅसेट असतील, त्यांनी या उन्हाळ्यात टिनाच्या छताखालून त्या आधी काढाव्यात. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू उतरवायला तीस मिनिटं लागतात, आणि त्यासाठी एका वायरखेरीज नवीन काही विकत घ्यावं लागत नाही: गावात कुणाकडे तरी चालता डेक असतो, आणि साधी वायर बाजारात मिळते.